व्हिएन्नातल्या दोन बदनाम इमारती: लोसहाउस की हास हाउस?

लोसहाउस 1911 चं, वास्तुकार आडोल्फ लोसने शिंप्यांच्या एका बड्या पेढीसाठी बांधलेलं. समोरच हॉफबुर्ग राजवाडा, नक्षीने लगडलेला. आणि याच्या खिडक्यांवर साधी महिरपही नाही! लोक म्हणाले, ‘भुवया नसलेलं घर’. पालिकेने काम थांबवलं, शेवटी खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या लावण्यावर तडजोड झाली. सम्राट फ्रान्झ योझेफने म्हणे त्या बाजूचे पडदेच ओढून घेतले (दंतकथा असेल, पण छान आहे). खालचे मजले मात्र जवळून बघा: हिरव्या शिरांचा ग्रीक संगमरवर. दगडच इतका देखणा की वर आणखी नक्षी कशाला?

हास हाउस वास्तुकार हान्स होलाइनचं, 1990 चं. हे थेट सेंट स्टीफन कॅथेड्रलसमोर. काच आणि दगडाचा वळणदार दर्शनी भाग. त्या काचेत कॅथेड्रलचं प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांत पडतं. सगळे फोटो त्याचेच काढतात. बाकी इमारत मला जरा जास्तच नटवी वाटते.

वेळ एकाच इमारतीपुरता असेल तर लोसहाउस गाठा. नाहीतरी दोन्हींत चालत दहा मिनिटांचंही अंतर नाही.