१/३२ स्लॉट कार आठ महिन्यांनंतर: महागडी मोटर ड्रॉवरमध्ये पडून आहे

गाडी म्हणजे खऱ्या गाडीच्या १/३२ आकाराची, विजेवर पळणारी खेळण्यातली रेसकार, घेतली मागच्या ऑक्टोबरात, आता जून संपत आला. कस्टम ड्युटी धरून नऊ हजाराच्या घरात गेली. घरी खरा आकडा सांगितलेला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोडी तक्रार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅकला खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना करंटच्या पट्ट्या, गाडीच्या नाकाखालचा गाइड त्या खाचेत फिरतो. स्टिअरिंग नाही, हातात फक्त थ्रॉटल. स्कॅलेक्स्ट्रिक, म्हणजे स्लॉट कारचा जुना ब्रिटिश ब्रँड, १९५७ला आलं म्हणजे हा छंद माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, तरी शेजारी अजून विचारतात की मुलासाठी घेतली का.

आम्ही सात-आठ जण दर रविवारी नाशिकच्या इंदिरानगरला एका काकांच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो, चार लेनचा ट्रॅक आहे. पहिल्या दिवशी डब्यातून काढली तशीच पळवली, ८.४ सेकंदांचा लॅप, मी खूश. काकांनी गाडी उलटी केली, पोटातलं मॅग्नेट नखाने उचकटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आपल्याकडे याच्याशिवाय." ट्रॅकच्या पट्ट्या स्टीलच्या, त्यामुळे मॅग्नेट गाडीला खाली ओढून धरतं, ते काढल्यावर पहिल्याच वळणाला गाडी थेट गच्चीच्या दाराशी. लॅप दहाच्या पुढे.

मग मी तेच केलं जे सगळे नवशिके करतात, जास्त आरपीएमची (मिनिटाला जास्त फेरे घेणारी) मोटर मागवली. मूळची साधारण १८ हजारांची होती, ही ३० हजारांची. सरळ पट्ट्यावर बघत राहावं अशी पळायची, पण वळणाच्या आधी ब्रेकच लागेना, आणि थ्रॉटल जरा दाबला की मागचं ढुंगण गोल फिरायचं. दोन महिने असे गेले, शेवटच्या नंबरावर, आणि तो नंबर माझाच आहे असं बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं.

खरा घोळ टायरमध्ये होता. गाडी हातात धरून मागची चाकं फिरवली आणि बाजूने उजेडात पाहिली तर टायर चक्क अंडाकृती, डावा तर रिमवर डुगडुगत होता. एवढ्या पैशात हे? ही माझी तक्रार. उपाय काकांचाच. टायर काढून फेविक्विकचे बारीक थेंब लावून रिमला चिकटवले, रात्रभर वाळू दिले, दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर वॉटरपेपरची पट्टी टेपने चिकटवून ती ओली केली, मागची चाकं पट्टीवर टेकवून गाडी धरून ठेवली आणि मोटरला वेगळ्या वायरने ५-६ व्होल्ट दिले, बस्स. आधी टायरवर मधेमधेच काळे चकचकीत डाग दिसतात, म्हणजे तेवढा भाग अजून घासलाच गेला नाही. पूर्ण रुंदीभर एकसारखा मॅट रंग आला की थांबायचं. मला चाळीस मिनिटं लागली, बोटं काळी झाली, पण त्या रविवारी लॅप ९.३. जुनी मोटर परत बसवून, बरं का.

त्यानंतर बॉडीचे स्क्रू एकेक आटा सैल केले. आधी पटलंच नाही, आपल्याला सगळं घट्ट आवळायची सवय. पण बॉडी थोडी डुलली की वळणातला हादरा चासीपर्यंत तेवढा पोचत नाही. पुढच्या टायरना बायकोचं नेलपेंट लावलं, त्यांना ग्रिप नकोच असते, नाक गाइडने सांभाळायचं. शिसं म्हणाल तर गाड्यांच्या व्हील बॅलन्सिंगची चिकट वजनं द्वारकेजवळच्या टायरवाल्याकडून आणली, कापून ५ ग्रॅम गाइडच्या मागे लावलं. आधी १० लावलं होतं, गाडी म्हशीसारखी निघायची.

गिअर ९/२७ (मोटरवर ९ दात, मागच्या अ‍ॅक्सलवर २७) तसाच ठेवलाय, म्हणजे मोटर तीनदा फिरली की चाक एकदा. ११चा पिनियन (मोटरवरचं छोटं चाक) लावून पाहिला, सरळला पळाली, वळणातून बाहेर पडताना मेली, आमचा ट्रॅक सगळा वळणांचाच.

एक गाढवपणाही सांगतो. शिलाई मशीनचं तेल अ‍ॅक्सलला एक थेंब पुरतं, मी तीन सोडले, ते टायरवर उडालं आणि अख्खी संध्याकाळ गाडी शेवाळावर चालल्यासारखी.

आता लॅप ८.७, रविवारी दोनदा दुसरा आलो. ब्रेड (गाइडखालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या, ट्रॅकमधून करंट घेणाऱ्या, बेकरीतला नव्हे) दर महिन्याला बदलतो, स्वस्त आहेत. पाऊस लागल्यापासून ट्रॅकच्या पट्ट्यांवर बारीक गंज धरतोय, रेसच्या आधी पुसल्या नाहीत तर गाडी मधेच उचक्या देते. आतल्या लेनच्या यू-टर्नला मात्र माझीच गाडी अजून उडते, बाकी कोणाची नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "गाडी ठीक आहे रे, तुझं बोट जड आहे."