ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं: डायल गेज घेतल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक साधं प्लंजर डायल गेज (टोकाची दांडी म्हणजे प्लंजर आत-बाहेर झाला की काट्यावर ०.०१ मिमीपर्यंतचा फरक दाखवणारं मापयंत्र) आणि ते धरून ठेवणारा मॅग्नेटिक बेस घेतला. सातारा एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळे डायल रोजचाच. पण तो घरी आला दाजींच्या गाडीमुळे. ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. कोरेगावच्या गॅरेजवाल्याने "डिस्क बेंड झालीय" म्हणत पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या. काही महिने बरं चाललं, मग पुन्हा तेच.

बिडाची डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा हबवर (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) गंज चढतो आणि त्यावर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही फिरताना तिची एक बाजू पॅडला घासत राहते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजतो. जाडीत १५-२० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडला तरी स्टेअरिंगला कळतो. म्हणूनच नवी डिस्क त्याच गंजक्या हबवर चढवली की आधी छान वाटतं आणि दुखणं नंतर येतं.

चाक काढण्याआधी गाडी रस्त्यावर नेतो. शेंद्रे ते नागठाणे पट्ट्यात मागे कुणी नाही बघून ८० वरून ब्रेक लावायचा. स्टेअरिंग हललं तर बहुधा पुढची डिस्क. सीटखाली आणि पेडलला जाणवलं तर मागचा ड्रम. ब्रेकला हातही न लावता ८०-९० ला थरथर येत असेल तर डायल पेटीतच राहू द्या, आधी बॅलन्सिंग करून घ्या. शेजारच्या काकू खडीवर पेडल धडधडतंय म्हणून घाबरून आल्या होत्या. तो एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) होता, गाडी ठणठणीत.

आता मोजणं. चाक काढलं की बऱ्याच गाड्यांत डिस्क हबवर सैल राहते, कारण तिला धरून ठेवणारं चाकच असतं. नट आणि जाड वॉशर लावून ती समान आवळली नाही तर डायल काहीही दाखवतो. बेस नकलला (हबच्या मागच्या, न फिरणाऱ्या लोखंडी भागाला) चिकटवतो, त्याआधी चिखल आणि गंज खरवडून काढावा लागतो. प्लंजर डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत, काटकोनात. गाडी न्यूट्रलला, डिस्क हाताने सावकाश फिरवायची. एका फेरीत काटा ५० मायक्रॉनच्या आसपास हलला तर मी निश्चिंत असतो. १०० च्या वर गेलं की काम निघालं.

दाजींच्या डाव्या बाजूला १२० आलं. डिस्क काढली, एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा बसवली. उंचवटा डिस्कबरोबर सरकला असता तर दोष डिस्कचा. तो हबच्या त्याच जागेवर राहिला. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हब लख्ख केला, रीडिंग ४० वर आलं. पण तोवर डिस्क झिजलेली होती, म्हणून जाडी मोजून ती लेथवर मारून, म्हणजे वरचा थर कातून सपाट करून घेतली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मारल्यावर त्याखाली जाणार असेल तर सरळ नवी घ्या. त्यानंतर दाजी पसरणी घाट उतरून आले, अजून तक्रार नाही.

इथेच या यंत्राची मर्यादा आहे. डायल डिस्कचा डगमग दाखवतो, जाडीतला फरक नाही. त्यासाठी ०-२५ चा मायक्रोमीटर लागतो आणि गोलाकार आठ ठिकाणी मापं घ्यावी लागतात. व्हर्निअर चालत नाही. कडेला साठलेला गंजाचा ओठ फसवतो आणि एवढी बारकाई त्याच्या आवाक्यातली नाही.

कुरकुरीही आहेत. बेसचा आर्म आवळताना काटा सरकतो, दरवेळी शून्य पुन्हा लावावं लागतं. पावसाळ्यात काचेखाली दमट धुकं धरलं होतं. प्लंजरला तेल मात्र चुकूनही लावू नका, धूळ धरून तो अडकतो.

एवढं मोजून झाल्यावर पंक्चरवाल्याने इम्पॅक्ट गनने नट वेडेवाकडे आवळले तर डिस्क पुन्हा तिरकी. मी आता टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आमनेसामने आवळतो. आणि कासहून यवतेश्वर घाटाने उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या. तापलेल्या डिस्कवर रांगेत पेडल घट्ट दाबून उभं राहिलं की पॅडचा माल तिथेच चिकटतो, आणि त्याचीही थरथर येते.

डायल आणि बेस मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. घरात दोन-तीन गाड्या असतील आणि हात काळे करायची तयारी असेल तर घ्या. एकाच गाडीसाठी असेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून रविवारी मागून आणा. फक्त गॅरेजवाल्याने पार्टची ऑर्डर देण्याआधी.