क्रुसेडर किंग्ज ३: राज्य मिळालं, बायको काही बोलेना

मध्ययुगातलं राजघराणं चालवायचा २०२० चा व्हिडिओ गेम आहे, पण सेलमध्ये दिसला तर अजूनही घ्याच. लढाया ठीकठाक, खरी मजा लग्नात आहे. इ.स. १०६६ ची सुरुवात घेऊन एक किरकोळ काउंट (छोटा सरदार) निवडला आणि शेजारच्या तगड्या ड्यूकची (मोठ्या सरदाराची) मुलगी केली, फक्त अलायन्ससाठी हं, आणि मग बघतो तर बाईंचं आपल्याबद्दलचं मत थेट मायनसमध्ये! घटस्फोट घ्यावा तर कॅथलिकांना पोपची परवानगी लागते, आणि मिळाला तरी सासऱ्याचं सैन्य गेलंच समजा. ती मेली तरी अलायन्स तुटतो, म्हणजे विष घालायचीही सोय नाही 😂 मग बसा मनधरणी करत. त्यात माझा काउंट पडला लाजाळू, मनधरणीची स्कीम लावली की याचाच स्ट्रेस वाढणार, शेवटी गडी दारूडा झाला आणि कौन्सिलमध्ये त्याला हातभार कोण लावतंय तर हीच बायको.

मेनू सुरुवातीला डोकं खातात, ट्युटोरियल स्किप करू नका. डीएलसीच्या (वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जादा भागांच्या) नादी लगेच लागायची गरज नाही, बेस गेममध्येच भरपूर आहे. ८६७ ची सुरुवात घेतलीत तर राष्ट्रकूटसुद्धा खेळता येतात.