विंडोज ११ चं टचपॅड सेटिंग, एक बोट आणि अंगठ्यावर चालवणाऱ्याचा रिव्ह्यू

माझा उजवा हात जन्मतःच मनगटाच्या वर संपतो आणि डाव्याला अंगठा अन् एक बोट, त्यामुळे लॅपटॉप बदलला की मी स्क्रीनबिन नंतर बघतो, आधी टचपॅड. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड. तिथे पहिलं काम म्हणजे पिंच टू झूमची टिक काढा. अंगठा आणि बोटाने स्क्रोल करायला गेलं की दोघांतलं अंतर कमीजास्त होतंच, टचपॅडला वाटतं झूम करायचंय आणि पान एकदम फुगतं नाहीतर बारीक होतं. ती एक टिक काढली आणि निम्मा वैताग गेला, खरंच.

मग तीन आणि चार बोटांचे जेस्चर, दोन्ही सरळ नथिंगवर टाका. माझा उजवा हात टेकला की कधीकधी तीन बोटं म्हणून मोजला जायचा आणि सगळ्या विंडो गायब होऊन नुसता डेस्कटॉप समोर, तेही नेमकं स्क्रीन शेअर चालू असताना! सेन्सिटिव्हिटी मोस्ट सेन्सिटिव्हवर ठेवली तर हलका स्पर्शही लागतो पण टाइप करताना कर्सर उड्या मारतो, म्हणून मी मीडियमवर आहे.

राइट क्लिक खालच्या उजव्या कोपऱ्यात दाबून होतं. डाव्या हाताला तो कोपरा लांब पडतो. मॅकमध्ये डावा कोपरा निवडता येतो, इथे तसं नाही, मी आपला शिफ्ट एफ१० दाबतो.

सगळ्यात भारी गोष्ट क्लिकलॉक, आणि ती या पानावर नाहीच, जुन्या माउस प्रॉपर्टीजमध्ये दडवून ठेवलीये, का ते देव जाणे. क्षणभर दाबून धरा, सोडा, फाइल पकडलेलीच राहते, आरामात न्या, परत क्लिक केलं की सुटते. बोट दाबून ठेवत ओढायची कसरतच नाही.

माउस कीजला, म्हणजे कीबोर्डच्या बटणांनी कर्सर हलवायच्या सोयीला, मात्र नंबरपॅड लागतो, जो छोट्या लॅपटॉपवर बहुतेकदा नसतोच. मॅकवर ते काम ७, ८, ९ आणि त्याखालच्या अक्षरांवर भागतं.

पाचपैकी साडेतीन. आणि हो, विकत घ्यायच्या आधी टचपॅडच्या वरच्या कडेला दाबून बघा, बऱ्याच टचपॅडची बिजागरी वरच असते, तिथे क्लिक बसतच नाही, टॅपवरच भागवावं लागतं आणि ते कुठल्याच सेटिंगने सुधरत नाही.