नेपाळ सेवायात्रेचा तयारी वर्ग (कॅम्प, पुणे): 5 पैकी साडेतीन

चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघांसाठी दोन शनिवारांचा वर्ग. कागदपत्रांचा भाग चोख आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणाऱ्या प्रौढाला आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच हवं. हे आधी सांगितलं नाही, तर अर्धा चमू चेक-इनलाच अडकतो. रेल्वेने गोरखपूर, पुढे बसने सीमेवरचं सोनौली हा स्वस्त मार्गही नीट समजावतात.

सगळ्यात मोलाचा तास कायद्याचा. नेपाळच्या 2017 च्या दंडसंहितेनुसार धर्मांतर करवणं गुन्हा आहे: 5 वर्षांपर्यंत कैद, 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आणि परदेशी माणसाची शिक्षेनंतर हकालपट्टी. म्हणून पत्रकं बॅगेत नकोतच. शाळेची भिंत रंगवा, स्वयंपाकघरात हात लावा; प्रार्थना यजमान पाळक (पास्टर) सांगतील तिथेच. तिथली उपासना मुख्यतः शनिवारी असते, त्यामुळे रविवार मोकळा ठेवून आखलेलं वेळापत्रक हमखास फसतं.

उणीव वैद्यकीय शिबिराच्या भागात. बाहेरच्या डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, हे जाता जाता उरकलं. औषधांच्या खोक्यांची यादी, मुदत संपण्याच्या तारखा, यजमान संस्थेचं पत्र, यावर अवाक्षर नाही. माल सीमेवर अडतो तो नेमका इथे. आणि नेपाळी भाषेला जेमतेम वीस मिनिटं? तेवढ्यात ‘धन्यवाद’ होतं, आणि ते मराठीतही तेच आहे!

चहा मात्र फक्कड.