पुण्यातला वीकेंड काउन्सेलिंग डिप्लोमा: फी भरायच्या आधी वाचा

क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण अशा जाहिराती चौकाचौकात आहेत आणि एकाला झोडून उपयोग नाही. "सहा महिन्यांत सर्टिफाइड काउन्सेलर व्हा, स्वतःची प्रॅक्टिस सुरू करा". मी शाळेत शिकवते, नववी-दहावीची पोरं मधल्या सुट्टीत येऊन काय काय सांगतात, म्हणून म्हटलं नीट शिकून तरी घेऊ.

आधी चांगलं सांगते. रोल प्लेचे सर जबरदस्त. आमच्या बॅचमधल्या एक काकू क्लायंट झालेल्या, सुनेबद्दल बोलत होत्या आणि समोरच्या मुलाने दुसऱ्याच मिनिटाला "तुम्ही ना मेडिटेशन करा" म्हणून टाकलं. सरांनी तिथेच थांबवलं, म्हणाले त्या आत्ता काय बोलल्या ते त्यांनाच परत सांगून दाखव, आणि त्याला एक वाक्य धड सांगता येईना. सगळा वर्ग गप्प. सल्ला न देता ऐकणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं, आणि शाळेत मला याचा खरंच फायदा होतो.

आता बाकीचं. थिअरी म्हणजे फ्रॉइडपासून सीबीटीपर्यंत (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) सगळं पीपीटीवर पळवलं, ते एक वेळ चालेल. पण प्रॅक्टिकलच्या लॉगबुकवर शेवटच्या रविवारी रांगेत उभं करून सह्या मारल्या! केस कुणाची, सुपरव्हिजन कुणाचं, काही पत्ता नाही. आणि या कामात खरं शिक्षण तेच असतं, तुम्ही पेशंटशी काय बोललात ते अनुभवी माणसासमोर ठेवायचं आणि त्याने तुमच्या चुका काढायच्या. ज्याला मरून जावंसं वाटतंय असा माणूस समोर बसला तर काय विचारायचं आणि सायकिअॅट्रिस्टकडे कधी पाठवायचं, यावर एक अख्खं लेक्चरसुद्धा झालं नाही.

करिअर करायचंय त्यांनी तर हा कोर्स त्यासाठी घेऊच नका. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षांचं एमडी, औषधं तेच लिहिणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेच्या, रजिस्टरमधला नंबर लागतो (कायदा १९९२चा आहे, काही नवीन नाही), त्यासाठी आजवर एमए सायकॉलॉजीनंतर दोन वर्षांचं फुलटाइम एमफिल करायचे, तेही हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत, बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेत. नवीन शैक्षणिक धोरणात एमफिलच काढून टाकलं, म्हणून आता साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) वगैरे नवे कोर्स आलेत, त्यामुळे कॉलेजला आरसीआयची मान्यता आहे का ते ॲडमिशनच्या दिवशी स्वतः तपासा, कोण काय सांगतं त्यावर जाऊ नका. नुसतं काउन्सेलर व्हायचं तरी निदान एमए आणि वर सुपरव्हिजन हवंच. आणि घरबसल्या एमए करू म्हणाल तर २०२५ पासून यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स-ऑनलाइन कोर्स थांबवलेत. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचा प्लॅन तोच होता, आणि काउंटरवरची मॅडम "हो हो, नंतर डिस्टन्सने एमए करता येतं" असंच सगळ्यांना सांगत होती.

तेव्हा शिक्षक, एचआरवाले, घरात आजारी माणसाचं बघणारे, तुम्ही खुशाल जा, पैसे वसूल होतील. बोर्ड लावून पैसे घेऊन पेशंट बघायचं मनात असेल तर प्लीज नको, समोरच्याचं नुकसान होतं हो. आमच्यातल्या एकीने सर्टिफिकेट हातात पडायच्या आधीच इन्स्टावर "थेरपिस्ट" लिहून टाकलंय, आता काय बोलणार.

माझ्याकडून पाचपैकी अडीच, त्यातले दोन रोल प्लेच्या सरांचे. फी हप्त्यात घेतात पण रिफंड नाही हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे, तेवढं वाचा. पार्किंगही नाही, रिक्षाने जा.