पद्मिनी, अँबेसेडर की कॉन्टेसा: हौसेने जुनी मोटार उभी करायची तर कोणती?

जुनी मोटार घेऊन ती स्वतःच्या देखरेखीखाली दुरुस्त करून पुन्हा चालती करायची म्हटलं की आपल्याकडे तीन नावं हटकून निघतात: कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान अँबेसेडर आणि त्याच कंपनीची कॉन्टेसा. जुन्या मर्सिडीज, शेवरोले मी इथे धरलेल्या नाहीत. त्यांचा खर्च निराळा आणि एकेका सुट्या भागासाठी वाट पाहण्याचा संयमही निराळा. एक पार्किंग, एक पगार आणि रविवारची सुट्टी एवढंच भांडवल असलेल्या माणसासाठी हा आढावा आहे.

गाडी निवडण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ती कारखान्यातून निघाली तशी करायची आहे, की तिच्यात बदल करायचे आहेत? बहुतेक जण हे गाडी दारात आल्यावर ठरवायला बसतात, आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. मूळ रूपात न्यायची गाडी पूर्ण असावी लागते. मीटर, हबकॅप, क्रोमच्या पट्ट्या, दरवाज्यांची हँडलं जागेवर असतील तर इंजिन जाम असलं तरी बिघडत नाही, कारण इंजिन बोअर करून (झिजलेले सिलिंडर आतून घासून) बांधणारे मिस्त्री अजून आहेत. बदल करायच्या गाडीत आतलं सामान गेलेलं चालतं. तिथे पत्रा शाबूत आणि कागद चोख हवेत.

पद्मिनी

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डी बनवायला घेतली. पुढे १९७०च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा चार गतींचा गिअर आणि ९०० किलोंच्या आत वजन. शिकायला हिच्याइतकी चांगली गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे. बोनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पाण्याचा पंप ही कामं घराच्या अंगणात, साध्या पान्यांनी होतात.

दुखणीही ठरलेली. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. घाटात गाडी उकळली आणि तशीच पुढे रेटली तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, मग हेड फेस करून (घासून सपाट करून) आणावं लागतं. म्हणून रेडिएटर आतून साफ करून घेणं हे पद्मिनीचं पहिलं काम, रंग शेवटचा. गिअरच्या दांड्याचे बुश झिजले की गिअर अडकतो. काम छोटं आहे, पण नवख्या माणसाला गिअरबॉक्सच गेल्यासारखं वाटतं आणि विकणाऱ्याशी भाव करताना हे माहीत असलेलं बरं.

सुट्या भागांच्या बाबतीत मुंबई-पुण्यातला माणूस भाग्यवान आहे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या धावली. ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या हजारो गाड्यांमुळे कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अजून काही ना काही हाती लागतं. मात्र टॅक्सी म्हणून चाललेली गाडी स्वतः घेऊ नका. तिचा पत्रा कितीदा ठोकला गेलाय याचा हिशेब लागत नाही, आणि तिच्या कागदांचा प्रश्न वेगळाच.

अँबेसेडर

मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या शेवटापासून मे २०१४ पर्यंत बनत राहिली. एवढ्या दीर्घ आयुष्यामुळे ‘अँबेसेडर’ म्हणजे नेमकी कोणती, हे आधी विचारावं लागतं. १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन ५० अश्वशक्तीच्या आसपासचं. १९८०च्या सुमाराला त्याच आकाराचं डिझेल आलं. १९९०च्या दशकात इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गतींचा खालचा गिअर, म्हणजे तळातून वर येणाऱ्या दांड्याचा, आला. हौसेसाठी डिझेल घेऊ नये. आवाज, थरथर आणि मंदपणा यांत या गाडीचा सगळा रुबाब हरवतो.

जुन्या पेट्रोल अँबेसेडरचं हेड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे. ते उष्णता सोसतं, पण दुसरी अडचण आहे. भारतात २००० सालापासून सगळं पेट्रोल शिसेविरहित झालं. ज्या काळात हे इंजिन आखलं गेलं तेव्हा पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्वच्या बैठका सांभाळत होतं. आता इंजिन उघडलंच आहे तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

बसायला, प्रवासाला अँबेसेडर केव्हाही सरस. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं आरामात मावतात, खराब रस्ता तिला कळतही नाही. आई-वडिलांना घेऊन कोल्हापूरला जायचं असेल तर मी पद्मिनीचं नाव काढणार नाही. पण ११०० किलोंच्या वरचं हे धूड वळवायला, थांबवायला ताकद लागते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये आधी मोजमाप घेऊनच आणावी.

पत्रा: खरा खर्च इथे

या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही. तळाचा पत्रा, दरवाज्यांखालच्या पेट्या आणि बाजू मिळूनच सांगाडा होतो. त्यामुळे दरवाज्याखाली गंज म्हणजे घराच्या तुळईला लागलेली वाळवी. दरवाजा उघडून हाताने वर उचलून पाहा, बंद करताना तो फटीत नीट बसतो का पाहा. पायाखालची मॅट उचला, डिकीतला स्टेपनीचा खळगा बघा, आणि साधं लोहचुंबक सोबत न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली आहे.

अँबेसेडरचा पत्रा जाड, त्यामुळे गंज उशिरा आरपार होतो. पण जाड पत्रा म्हणजे दुरुस्तीला जास्त मेहनत. पद्मिनीचा पातळ, लवकर सडतो, पण कापून नवा जोडणं तुलनेने सोपं. यापेक्षा मोठा फरक गाडी कुठे राहिली याने पडतो. रत्नागिरी, गोवा किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्यावर राहिलेल्या गाडीपेक्षा सोलापूर, नगरकडे शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी घ्यावी, दिसायला ती कितीही भकास असो. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग या सगळ्यांपेक्षा डेंटिंग-पेंटिंगचं बिल मोठं येतं, आणि वेळ तर सर्वांत जास्त तिथेच जातो. चांगला डेंटर मिळाला की त्याच्या सवडीने काम होऊ द्या.

कॉन्टेसा

बदल करणाऱ्यांची लाडकी. व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली, १९८४ ते २००२ या काळात बनलेली. लांब बोनेट, मागच्या चाकांना ताकद, रुंद बांधा. सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि ते या देहाला पुरत नव्हतं. घ्यायची तर इसुझू इंजिनाची घ्या. यांत्रिक भाग अँबेसेडरशी मिळतेजुळते असल्याने मिळतात. काचा, मागचे दिवे, बंपर मात्र मुश्किलीने. पहिली गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

मूळ रूप की बदल?

कायद्याची बाजू आधी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे दुसऱ्याच गाडीचं मोठं इंजिन बसवायचं, छत कापायचं, हे ‘गॅरेजवाला करून देतो’ म्हणून करू नये. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

दुसरीकडे, मूळ रूप जपणाऱ्याला २०२१च्या नियमांनी एक वाट दिली आहे. ५० वर्षांवरची, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ज्याला दर रविवारी लोणावळ्याला जायचं आहे त्याने नेहमीची नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी. त्याचं शुल्क अलीकडे बरंच वाढलं आहे आणि पर्यावरण कर वेगळा, तेव्हा हा खर्च आधीच धरून ठेवा.

या दोन टोकांच्या मध्ये मला पटलेला मार्ग असा: जो बदल एका दिवसात काढून गाडी पूर्ववत करता येते, तो खुशाल करा. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनमोऐवजी अल्टरनेटर, रेडिएटरला विजेचा पंखा, दिव्यांना रिले, सीटबेल्ट. यांतलं काहीही बाहेरून दिसत नाही आणि गाडी आजच्या रहदारीत निर्धास्त चालते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला सोसत नाही, त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप, पंपाचा पडदा आणि सील इथेनॉल चालणाऱ्या जातीचे बसवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि टाकी आतून गंजते.

जुन्या अँबेसेडरमध्ये इसुझूचं इंजिन घालण्याचा मोह अनेकांना होतो. कंपनीनेच ते पुढे बसवलं, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत समंजस बदल आहे. तरीही खालच्या गिअरसाठी तळाचा पत्रा कापावा लागतो, आणि आरटीओची परवानगी आधी हातात हवी. त्यापेक्षा मुळातच इसुझूची अँबेसेडर शोधा. जिला वेग हवा तिचे ब्रेक मात्र आधी सुधारा, ताकद नंतर.

माझा कौल सांगतो. स्वतःच्या हाताने काम शिकायचं असेल, जागा कमी असेल, मुंबई-पुण्यात राहत असाल तर १९७० ते ८०च्या दशकातली खासगी पद्मिनी, मूळ रंगात. कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल तर १९९०नंतरची इसुझू पेट्रोल अँबेसेडर, आणि तिच्यात फारसं काही करू नका. रॅली आणि स्पर्धांची ओढ असेल तर जुन्यातली जुनी, पूर्ण गाडी शोधायला वर्षभर घालवायची तयारी ठेवा. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या मेळाव्याला आधी नुसते जाऊन या, मालकांशी बोला, कोणाच्या गाडीला कोणत्या मिस्त्रीचा हात लागलाय ते विचारा. तिथे माणसं मोकळेपणाने सांगतात.

व्यवहाराच्या दिवशी गाडीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहा. तिथे ठोकाठोक किंवा नवी वेल्डिंग दिसली तर परत या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करणारा माणूस आरसीवरचाच असावा. मूळ मालक वारले असतील तर वारसांचे कागद विकणाऱ्याने आधी पूर्ण करावेत. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर ना-हरकत आल्यावरच उरलेले पैसे द्या. नुसत्या झेरॉक्सवर, ‘डुप्लिकेट काढून देतो’ या भरवशावर गाडी उचलू नका, भाव कितीही पाडून सांगितला तरी.